भाषा शिकायला पैसे कोण देतं, आणि का देतं

बडोद्यात परदेशी भाषा शिकणाऱ्या मुलांच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो. बी.ए.ला जर्मन, फ्रेंच किंवा रशियन घेतलं, तोवर सगळं ठीक असतं. फी परवडते आणि दांडिया बाजारातून ॲक्टिवावर निघालं की फॅकल्टीत वेळेत पोचता येतं. पुढचं एम.ए. किंवा पीएच.डी. परदेशात करायची गोष्ट निघाली की बाबा विचारतात, "इंजिनिअरिंगला कर्ज काढलं तर नोकरी लागून फिटतं. भाषेसाठी काढलं तर फेडणार कोण?"

बाबांचा प्रश्न रास्त आहे. भाषा-साहित्याच्या शिक्षणासाठी वीस-पंचवीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊ नये, असंच माझंही मत आहे. ते घ्यायची बहुधा गरजही नसते. या विषयासाठी जगात पैसा ठेवलेला आहे आणि तो दरवर्षी कुणाला ना कुणाला मिळतोच. मात्र तो गुणपत्रिका बघून वाटलेलं बक्षीस नसतो. प्रत्येक फेलोशिपमागे कुणाचा तरी हेतू असतो. हा हेतू ओळखला तर कुठे अर्ज करायचा, त्यात काय लिहायचं आणि कुठे वेळ घालवायचा नाही, हे आपोआप कळत जातं.

हेतू कसा असतो, हे अमेरिकेच्या उदाहरणातून सगळ्यात स्पष्ट दिसतं. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत रशियानं स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिका हादरली. आपण विज्ञानात मागे पडलो, तसेच जगाच्या भाषा जाणण्यातही मागे आहोत, असं तिथल्या सरकारला वाटलं. पुढच्याच वर्षी, 1958 मध्ये, नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट हा कायदा झाला. नाव लक्षात घ्या: शिक्षणाचा कायदा, पण संरक्षणाच्या नावानं. त्याच्या सहाव्या भागात परदेशी भाषांसाठी पैसा ठेवला होता. आज फ्लास म्हणून ओळखली जाणारी फेलोशिप, म्हणजे फॉरेन लँग्वेज अँड एरिया स्टडीज, त्यातूनच वाढली. तिचा पैसा सरकार थेट विद्यार्थ्याच्या हाती देत नाही. सरकार निवडक विद्यापीठांना निधी देतं आणि विद्यापीठं आपापल्या विद्यार्थ्यांतून निवड करतात. 2022 पासूनच्या फेरीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाच्या फीपोटी 18,000 डॉलरपर्यंत आणि राहण्या-खाण्यासाठी 20,000 डॉलर, असा हिशोब होता. बदल्यात त्यानं वर्षभर ती भाषा आणि त्या प्रदेशाचा अभ्यास, दोन्ही शिकायचं.

या भाषांत मराठीही आहे. शिकागो विद्यापीठात मराठी शिकवली जाते आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था पुण्यात मराठीचे वर्ग चालवते. अमेरिकन करदात्याच्या पैशातून तिथली मुलं आपली भाषा शिकली. ही बाब मला फार आनंदाची वाटते आणि आपल्याला विचार करायला लावणारीही वाटते.

आता महत्त्वाचं. फ्लास आपल्यासाठी नाही. ती फक्त अमेरिकन नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना मिळते. बोरेन फेलोशिप तर फक्त अमेरिकन नागरिकांनाच मिळते. ती मिळालेल्याला शिक्षणानंतर किमान एक वर्ष अमेरिकन सरकारची नोकरी करावी लागते. भाषेसाठीच्या फेलोशिपा म्हणून इंटरनेटवर ज्या लांबलचक याद्या फिरतात, त्यांत ही दोन नावं वरच्या बाजूला असतात. आपली मुलं त्यांच्या मागे आठवडा घालवतात आणि शेवटच्या पानावर नागरिकत्वाची अट वाचून खट्टू होतात. म्हणून कुठल्याही फेलोशिपची माहिती शेवटून वाचायला सुरुवात करावी. पात्रता आधी आणि रक्कम नंतर. शिवाय सरकारी हेतू बदलला की पैसाही आटतो. 2025 मध्ये अमेरिकी शिक्षण खात्यानं फ्लासचा निधी थांबवला, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनाही हे कळून चुकलं.

आपल्याला उपयोगी पडणारा हेतू याच्या उलट दिशेचा आहे. जर्मनी, जपान, फ्रान्स, कोरिया, रशिया हे देश परक्या मुलांनी आपली भाषा शिकावी म्हणून पैसे देतात. आपल्या देशाबद्दल आपुलकी असलेला शिक्षक, अनुवादक, संशोधक जगात ठिकठिकाणी असावा, ही त्यांची इच्छा. तो माणूस पुढे बडोद्यात परत येऊन तीस वर्षं जर्मन शिकवणार असेल, तर त्यांच्या दृष्टीनं पैसे वसूल झाले.

यात आपल्याकडे सगळ्यात परिचित नाव डाडचं, म्हणजे जर्मन ॲकॅडेमिक एक्स्चेंज सर्व्हिसचं. 1925 मध्ये सुरू झालेली ही संस्था आहे. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला महिना 992 युरो, आरोग्य, अपघात आणि दायित्व विमा आणि प्रवासासाठी ठरावीक रक्कम मिळते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसल्यामुळे या रकमेत भागतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो फी आहे. हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग ही भाषेच्या विद्यार्थ्यांना ओढ लावणारी गावं नेमकी त्याच राज्यात येतात. अर्ज करताना हे ध्यानात असू द्या.

992 हा आकडा कुठून आला, हेही बघण्यासारखं आहे. फेलोशिप नसलेल्या विद्यार्थ्याला जर्मनीचा व्हिसा घेताना वर्षाच्या खर्चाचे पैसे एका गोठवलेल्या खात्यात आधीच ठेवून दाखवावे लागतात. ती रक्कम वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला बरोबर 992. साधेपणानं राहिलं तर एका माणसाला एवढं लागतं, असा तिथल्या सरकारचा हिशोब, आणि डाड तेवढंच देते. याचा एक अर्थ असा की फेलोशिपचं पत्र हातात असलं तर खात्यात दहा-बारा लाख रुपये अडकवून ठेवावे लागत नाहीत. मध्यमवर्गीय घरासाठी फेलोशिपचा हा फायदा दरमहा मिळणाऱ्या रकमेइतकाच मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

दुसरा अर्थ असा की त्यात शिल्लक फारशी पडत नाही. इथे घरोघरी एक चूक होते. युरोला रुपयांनी गुणायचं आणि "अरे वा, महिन्याला एवढे!" म्हणायचं. गुणाकार सोडा आणि तिथल्याच पैशात खर्च मांडा. समजा, लाइपझिगसारख्या शहरात वसतिगृहाची किंवा वाटून घेतलेल्या फ्लॅटमधली खोली 350 ते 400 युरोला मिळाली. किराणा आणि विद्यापीठाची खानावळ मिळून 220-250. फोन, इंटरनेट, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी मिळून पन्नासच्या आसपास. सत्राची वर्गणी आणि प्रवासाचा पास महिन्यावर वाटला तर आणखी पन्नास. हिवाळ्याचा कोट, पुस्तकं, औषधपाणी वेगळं. म्हणजे नीट राहिलं तर दीड-दोनशे युरो हाताशी उरतात. म्युनिकमध्ये हेच गणित खोलीच्या भाड्यापाशीच संपतं. हे आकडे ढोबळ आहेत, पण अर्जाच्या आधी प्रत्येकानं आपल्या शहरासाठी असा कागद मांडायलाच हवा. आईबाबांसमोर बसून मांडला तर जास्त बरं. अर्धी काळजी तिथेच मिटते.

जपानची योजना मेक्स्ट या नावानं ओळखली जाते. 1954 पासून जपान सरकार ती चालवतं. मास्टर्सला महिना 1,44,000 येन, फी पूर्ण माफ, जाण्या-येण्याचं विमानाचं तिकीट. त्यात दोन वाटा आहेत. एक दूतावासामार्फत, दुसरी थेट जपानी विद्यापीठाच्या शिफारशीनं. दूतावासाच्या वाटेत लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, वयाची अट साधारण 35 च्या आतली. बी.ए.ला जपानी हाच मुख्य विषय असलेल्यांसाठी जपानी अभ्यासाची एक वर्षाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, पण ती पदवी चालू असतानाच घ्यायची असते. पदवी हाती पडली की ती वाट बंद होते. एम.ए.ला येऊन हे कळणारी मुलं भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

कोरियाची सरकारी शिष्यवृत्ती, जीकेएस, उदार आहे आणि शिस्तीची आहे. पदव्युत्तरसाठी निवड झाली की आधी एक वर्ष कोरियन भाषा शिकायची, टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी गाठायची आणि मग मुख्य अभ्यासक्रमाला जायचं. पाचवी पातळी आधीच असेल तर भाषेचं वर्ष माफ. तिसरी पातळी गाठली नाही तर शिष्यवृत्ती थांबते, म्हणून ते वर्ष सहल समजून चालत नाही.

फ्रान्सच्या आयफेल शिष्यवृत्तीत एक मेख आहे. तिचा अर्ज विद्यार्थ्यानं करायचाच नसतो. तुम्ही आधी फ्रेंच विद्यापीठाकडे जायचं, त्यांना तुम्ही आवडलात तर ते तुमचं नाव पुढे करणार. मास्टर्ससाठी वयाची मर्यादा 25, आणि ती काटेकोर. बी.ए. झाल्यावर दोन-तीन वर्षं शाळेत फ्रेंच शिकवून मग विचार करू, असं म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. रशियन सरकार शिक्षणाची फी माफ करतं आणि लागेल त्याला आधी वर्षभर भाषाही शिकवतं. पण दरमहा हाती पडणारी रक्कम अगदी तुटपुंजी असते आणि प्रवास व विमा आपला आपण बघायचा. सयाजीराव विद्यापीठात रशियन शिकणाऱ्यांनी घरून किती मदत होईल ते आधी विचारून घ्यावं.

एरास्मुस मुंडुस ही या सगळ्यांहून वेगळी गोष्ट. ती एका देशाची नसून युरोपीय संघाची आहे. दोन-तीन देशांतली विद्यापीठं मिळून एक मास्टर्स चालवतात आणि विद्यार्थी एक सत्र इथे, एक तिथे, असा फिरत शिकतो. महिना 1400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने, शिवाय फी भरलेली. प्रवासाला आता वेगळे पैसे मिळत नाहीत, ते त्यातूनच काढायचे. भाषेच्या विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसलेला एक अभ्यासक्रम यात आहे, कोशशास्त्राचा, म्हणजे शब्दकोश कसे रचतात याचा. त्याला ईएमलेक्स म्हणतात, आणि जर्मन व इंग्रजी दोन्ही येणाऱ्याला तो बरा पडतो. ज्या घरात आजोबांच्या कपाटात अजून मोल्सवर्थचा कोश आहे, तिथल्या नातवंडानं तरी या अभ्यासक्रमाची माहिती काढून बघावी, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेबद्दल वर निराशा केली, तर तिथला आपल्याला खुला असलेला दरवाजाही सांगतो. अमेरिकन विद्यापीठांच्या जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, स्लाव्हिक विभागांत पीएच.डी.ला घेतलेल्या विद्यार्थ्याला बहुधा टीचिंग असिस्टंटशिप देतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भाषा शिकवायची. त्या बदल्यात फी माफ, दरमहा वेतन आणि आरोग्य विमा. याला नागरिकत्वाची अट नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंतच विद्यापीठात काम करता येतं, आणि हे शिकवणं त्यात बसवलेलं असतं. विभागाची गरज उघड आहे: दरवर्षी शेकडो मुलांना भाषेचे प्राथमिक वर्ग हवे असतात आणि सगळे वर्ग प्राध्यापक घेऊ शकत नाहीत. म्हणून तुमच्या अर्जात शिकवण्याचा अनुभव ठळक दिसला पाहिजे. राजमहाल रोडवरच्या क्लासमध्ये दोन वर्षं ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पातळ्यांची मुलं शिकवली असतील, तर तो अनुभव इथे सोन्याचा आहे. मुलं तो लिहितच नाहीत, "साधे क्लासच होते" म्हणून. मास्टर्सला मात्र अशी सोय क्वचित. पीएच.डी.लाच ती मुख्यतः असते.

याच जातीची दुसरी संधी म्हणजे फुलब्राइटची फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट योजना. त्यात आपण अमेरिकेत जाऊन आपल्याकडची भाषा शिकवायची, शैक्षणिक वर्षभर, आणि सोबत तिथले काही विषय शिकायचे. पदवी मिळत नाही. भारतातून हिंदी, गुजराती, बंगाली, उर्दू अशा भाषांसाठी ती असते. कोणत्या वर्षी कोणत्या भाषा, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघायचं. बडोद्याचं मराठी मूल घरात मराठी, शाळेत आणि बाजारात गुजराती बोलत वाढतं. पुण्याच्या मुलाकडे नसलेली जमेची बाजू आपल्याकडे आहे. या योजनेचा व्हिसा संपल्यावर साधारणपणे दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, हे आधीच माहीत असू द्या.

करार आणि अटी म्हटलं की बडोद्यात बसून एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या संस्थानानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्यासोबत करार होता: परत येऊन संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायची. करार पाळायला ते 1917 मध्ये बडोद्यात आले, आणि या शहरानं त्यांना राहायला खोली दिली नाही. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता, पण गाव तसं नव्हतं. कमाटीबागेतली संकल्पभूमी त्याची साक्ष आहे. आपल्या शहराला याची लाज वाटली पाहिजे, आणि त्याच शहराला त्या शिष्यवृत्तीचा अभिमानही वाटला पाहिजे. पैसे देणाऱ्या संस्थेची अट कागदावर असते. जिथे जायचं तिथले लोक कसे वागवतील, हे कागदावर नसतं. म्हणून ज्या शहरात जायचं तिथे आधी गेलेल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी, विशेषतः आपल्यासारख्या परिस्थितीतून गेलेल्याशी, जरूर बोलून घ्या.

सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आज त्याच परंपरेतली म्हणता येईल. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी वर्षाला 125 जागा. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, वय 35 च्या आत. फी, प्रवास, निर्वाह, सगळं त्यात येतं. पण 2022 पासून भारतीय संस्कृती, इतिहास, वारसा किंवा भारतातल्या समाजाचा अभ्यास हे विषय त्यातून वगळले आहेत. परदेशी भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्यानं आपला विषय मांडताना ही ओळ डोळ्यांसमोर ठेवावी. हे वगळणं मला पटलेलं नाही. पण अर्ज करणाऱ्याला आहे त्या नियमातच बसावं लागतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. मातृभाषा मराठी असली तरी आपला रहिवासी दाखला गुजरातचा, त्यामुळे आपण तिथे बसत नाही. नातेवाईक सोलापूरहून, सांगलीहून फोन करून कळकळीनं सांगतात, "अगं, तू पण भर ना." त्यांना प्रेमानं नाही म्हणावं लागतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींचंही तेच.

आता ज्यांना देशातच राहून पुढे शिकायचं आहे त्यांचं. यूजीसी-नेट परीक्षेत फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, जपानी, चिनी, अरबी, फारसी हे सगळे स्वतंत्र विषय आहेत. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांची परीक्षा होते. तीन तासांत दोन पेपर: पहिल्यात सर्वांना समान 50 प्रश्न, दुसऱ्यात आपल्या विषयाचे 100. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर आढावा होऊन 42,000, शिवाय शहराच्या दर्जाप्रमाणे घरभाडं. बडोद्यात घरी राहून पीएच.डी. करणाऱ्याला ही रक्कम भरपूर आहे. परदेशी गेलं तरच काहीतरी केलं, असं मानण्याचं कारण नाही. माझ्या मते भाषेच्या पुष्कळ मुलांसाठी जेआरएफ आणि मधल्या एखाद्या वर्षी परदेशातली अल्पकाळाची संशोधनवृत्ती ही जोडी सगळ्यात शहाणपणाची आहे.

जेआरएफ हुकली तरी गुजरात सरकारची शोध योजना आहे. राज्यातल्या विद्यापीठांत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला दोन वर्षं महिना 15,000 रुपये आणि वर्षाला 20,000 रुपये इतर खर्चासाठी. ही योजना विज्ञानवाल्यांचीच, असा समज आर्ट्समध्ये पसरलेला आहे, तो खोटा आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण पैशाच्या आधी येते: मार्गदर्शक मिळण्याची. परदेशी भाषांच्या विभागांत प्राध्यापक मोजके, त्यांच्याकडे घेता येणारे विद्यार्थी त्याहून मोजके. म्हणून फेलोशिप मिळाल्यावर गाइड शोधू, असं न म्हणता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच बोलणी सुरू करावीत. हैदराबादचं इफ्लू आणि दिल्लीचं जेएनयू ही केंद्रीय विद्यापीठं परदेशी भाषांसाठी मोठी आहेत. तिथे नेट न झालेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही महिना 8,000 रुपयांची वृत्ती मिळते आणि फी अगदी कमी असते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मुलं हेतुपत्रावर, म्हणजे अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजवर, येतात, आणि गाडी तिथेच अडते. बहुतेकांचं पहिलं वाक्य साधारण असं असतं: "मला लहानपणापासून जर्मन भाषेची आणि संस्कृतीची खूप आवड आहे. जर्मनी हा प्रगत देश असून तिथे शिकणं हे माझं स्वप्न आहे." यात खोटं काही नाही, पण निवड समितीसमोर हेच वाक्य शेकडो वेळा येतं. त्यातून तुम्ही कोण, हे कळत नाही आणि त्यांचा पैसा कुठे पोचेल, हेही कळत नाही.

तेच असं लिहून बघा: "बडोद्याच्या शाळांत जर्मन शिकवताना माझ्या लक्षात आलं की गुजराती आणि मराठी बोलणारी मुलं जर्मनमधल्या नामांच्या लिंगात वेगवेगळ्या प्रकारे चुकतात. दोन्ही मातृभाषांत तीन लिंगं आहेत, तरी ती जर्मनशी जुळत नाहीत. या चुकांचा अभ्यास करून पश्चिम भारतातल्या शिक्षकांसाठी साहित्य तयार करणं हा माझा उद्देश आहे. त्यासाठी भाषाशिक्षणशास्त्रातला अमुक विद्यापीठाचा अभ्यासक्रम मला हवा आहे, कारण त्यात वर्गातल्या निरीक्षणाचं स्वतंत्र सत्र आहे." यात स्वप्न हा शब्द नाही. पण समितीला चार गोष्टी दिसतात: या मुलीनं काम केलेलं आहे, तिला एक नेमका प्रश्न पडलेला आहे, ती तोच अभ्यासक्रम का निवडते हे तिला ठाऊक आहे, आणि ती परत येऊन काय करणार, तेही. देणाऱ्याचा हेतू तिच्या हेतूला येऊन मिळाला.

असे प्रश्न शोधायला बडोद्याइतकं समृद्ध गाव विरळा. सयाजीरावांनी 1910 मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभं करायला अमेरिकेहून विल्यम बॉर्डनला बोलावलं. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी फेलिची या इटालियन शिल्पकारानं काम केलं. सयाजी साहित्यमालेत परदेशी ग्रंथांचे मराठी-गुजराती अनुवाद निघाले. प्राच्यविद्या मंदिर 1927 पासून हस्तलिखितं सांभाळतंय आणि युरोपातले संस्कृतचे अभ्यासक त्याच्याशी जोडलेले आहेत. संस्थानच्या जुन्या दफ्तरात मोडी कागद आहेत. इटालियन, फ्रेंच, जर्मन यांपैकी एक भाषा आणि मोडी येणारा विद्यार्थी जगात किती ठिकाणी सापडेल? आपल्याकडे आजी अजून मोडी वाचते अशी घरं आहेत, आणि आजीकडून ती शिकून घ्यायला फी लागत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. निवडीचं पत्र आलं तरी पहिला हप्ता तिथे पोचून बँक खातं उघडल्यावरच येतो. तोवर व्हिसा, तिकीट (ते देणारी योजना नसेल तर), पहिलं भाडं आणि घराची अनामत खिशातून जाते. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागता येते. दीड-दोन लाख रुपये हाताशी धरूनच निघावं. त्यासाठी ट्रस्टांच्या छोट्या मदती उपयोगी पडतात. जे. एन. टाटा एन्डाउमेंट 1892 पासून उच्च शिक्षणासाठी कर्जरूपानं मदत देतं, ते अशा तफावतीला योग्य आहे. जमशेटजींचं जन्मगाव नवसारी म्हणजे जुन्या बडोदे संस्थानातलंच. बहुतेक फेलोशिपा एका वेळी दुसरी शिष्यवृत्ती घेऊ देत नाहीत, त्यामुळे कुठलीही मदत स्वीकारण्याआधी दोन्हीकडे लेखी विचारून घ्या.

एजंटाला पैसे देऊ नका. वर सांगितलेल्या सरकारी योजनांपैकी एकाचाही अर्ज एजंटामार्फत होत नाही. "कोटा आहे, आत ओळख आहे" असं कुणी सांगत असेल तर उठून चालू लागा.

वेळापत्रक असं धरा. एरास्मुस मुंडुसचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी. आयफेलसाठी फ्रेंच विद्यापीठांशी दिवाळीच्या आधीच संपर्क हवा. जीकेएसची पदव्युत्तर जाहिरात फेब्रुवारीच्या सुमारास, मेक्स्टची दूतावासामार्फतची एप्रिल-मेमध्ये. म्हणजे अर्जाआधीच्या गणपतीत कागदपत्रांची फाइल तयार हवी. टोपिक, टोफेल, आयेल्ट्सचे निकाल दोन वर्षंच चालतात, म्हणून परीक्षा फार लवकर देऊन ठेवण्यात अर्थ नाही. जर्मनच्या गोएथे किंवा जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या प्रमाणपत्रावर मुदत नसते, पण पुष्कळ विद्यापीठं ताजंच मागतात.

आणि शिफारसपत्र. प्राध्यापकांना आदल्या रात्री "सर, उद्या शेवटची तारीख आहे" असा मेसेज पाठवू नका. महिनाभर आधी भेटा आणि सोबत एक पान द्या: कुठे अर्ज करताय, तुमचा विषय काय, त्यांच्या वर्गात तुम्ही कोणता निबंध लिहिला होता, त्यांनी त्यावर काय शेरा दिला होता. तो निबंधच नेऊन दाखवला तर सरांना पत्रात लिहायला काहीतरी मिळतं, आणि पत्र वाचणाऱ्यालाही.